ऐतिहासिक नृत्यं छंद म्हणून शिकायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक नृत्य म्हणजे नेमके कोणते नाच?

साधारण पंधराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात, आणि पुढे अमेरिकेतही, लोक दरबारात, मेजवान्यांत आणि सार्वजनिक बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभांत, एकमेकांबरोबर जे नाच करत, ते. बर्गंडीच्या दरबारातला संथ बास डान्स, सोळाव्या शतकातले पावान, गॅलियार्ड आणि ब्रान्ल, इंग्लंडमधले कंट्री डान्स, फ्रेंच मिन्युएट, एकोणिसाव्या शतकातले क्वाड्रिल, वॉल्ट्झ आणि पोल्का हे सगळे यात येतात. प्रेक्षकांसमोर सादर करायचं बॅले यात सहसा धरत नाहीत. इथे जो हजर आहे तो नाचतो, आणि बघणारे म्हणजे दमून बाजूला बसलेले नाचणारेच.

लोकनृत्यापेक्षा हे वेगळं आहे, कारण लोकनृत्य एका पिढीने दुसरीला शिकवलेलं असतं. यांतल्या बहुतेक नाचांची परंपरा मात्र मधेच तुटली, आणि ते नंतर कागदपत्रांवरून पुन्हा उभे केले गेले.

मला अजिबात नाचता येत नाही. जमेल का?

तालावर चालता येतं ना? मग जमेल. हे नाच व्यावसायिकांसाठी नव्हतेच. जेवणखाण झाल्यावर जमलेल्या मंडळींनी करायचे होते, आणि त्या मंडळींत सगळ्या वयाची, सगळ्या अंगकाठीची माणसं असत. कंट्री डान्सचा मोठा भाग म्हणजे तालात चालणं आणि वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचणं.

ज्यांनी आधी बॅले किंवा दुसरं कुठलं शास्त्रशुद्ध नृत्य केलेलं असतं त्यांना सुरुवातीला थोडं जड जातं, असा माझा अनुभव आहे. त्यांचं लक्ष स्वतःच्या पायांकडे असतं. समोरून हात पुढे करणारा माणूस तसाच उभा राहतो.

जोडीदार नाही. एकट्याने आलं तर चालतं का?

चालतं, आणि बहुतेक लोक एकटेच येतात. बऱ्याच गटांत दर नाचाला जोडीदार बदलायची पद्धत असते, त्यामुळे जोडीने आलेल्यांचीही ताटातूट होतेच. शिवाय ब्रान्लसारख्या नाचात जोडीदार लागतही नाही. सगळे हात धरून गोल किंवा साखळी करतात.

जोडीदार न मिळणं हे दुखणं जुनंच आहे. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टेनने डिसेंबर १८०८ मधल्या एका पत्रात, जोडीदाराविना उभ्या राहिलेल्या डझनावारी तरुणींचं चित्र बघवत नाही, अशा अर्थाचं लिहिलं आहे. आजच्या गटात अशी वेळ सहसा येत नाही, कारण कोणीही कोणाबरोबरही नाचतं.

सुरुवात कोणत्या काळापासून करावी?

जवळचा गट जे शिकवत असेल त्यापासून. हा छंद माणसांशिवाय होत नाही, त्यामुळे काळाची निवड दुय्यम ठरते. तरीही निवडीची संधी असेल तर माझं मत असं.

सगळ्यांत सोपं दार म्हणजे सोळाव्या शतकातले ब्रान्ल. डावीकडे जाताना पाऊल टाकायचं, दुसरं जुळवायचं, पुन्हा तेच, मग उजवीकडे. यांत काही नकलेचे ब्रान्ल आहेत. एकात धोबिणी कपडे आपटतात तशा टाळ्या वाजवतात आणि एकमेकांना बोट दाखवून दटावतात, तर दुसऱ्यात घोड्यासारखे पाय आपटतात. लाजऱ्या माणसाचा संकोच अशा नाचात फार लवकर जातो.

त्यानंतर इंग्लिश कंट्री डान्स. यात पावलं कमी आणि आकृत्या जास्त. एकमेकांभोवती फिरणं, जागा बदलणं, चार हात मध्यभागी जुळवून चक्रासारखं फिरणं, तिघांनी किंवा चौघांनी वेणी घालावी तसं एकमेकांच्या मधून जाणं. या पंधरावीस आकृत्या अंगात मुरल्या की शेकडो नाच खुले होतात.

एकोणिसाव्या शतकाची ओढ असेल तर क्वाड्रिल घ्या. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि एकामागून एक असे पाच भाग होतात. १८१५ च्या सुमारास लंडनच्या अल्मॅक्स या उच्चभ्रूंच्या नृत्यसभागृहात तो आला आणि काही वर्षांत सगळीकडे पसरला. वॉल्ट्झ आणि पोल्का मजेदार आहेत, पण जोडीने गोल फिरायला तोल आणि दम दोन्ही लागतात.

बरोक काळातले नाच, म्हणजे साधारण १६६० ते १७५० दरम्यानचे, शेवटी ठेवा. ते सुंदर आहेत. पण तिथे प्रत्येक पावलाला नियम आहे.

शेकडो वर्षांपूर्वीची पावलं आज कशी कळतात?

चित्रफिती नाहीत, शिकवणारं कोणी उरलेलं नाही, मग उरतो कागद. तो प्रत्येक काळात वेगळं सांगतो आणि वेगळं लपवतो. या छंदातली अर्धी गंमत इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

बर्गंडीच्या बास डान्सची एक हस्तलिखित वही ब्रुसेल्सच्या शाही ग्रंथालयात आहे. काळ्या रंगवलेल्या पानांवर सोनेरी आणि चंदेरी शाईने लिहिलेली. तिच्यात सुरावटीखाली फक्त अक्षरं आहेत. एक अक्षर वाकून करायच्या नमस्कारासाठी, एक एकेरी पावलासाठी, एक दुहेरीसाठी, असं. क्रम कळतो, पण पाऊल टाकायचं कसं हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं. साधारण त्याच काळात इटलीत दोमेनिको दा पियाचेन्सा आणि त्यांचे शिष्य गुलिएल्मो एब्रेओ यांनी नाचावर ग्रंथ लिहिले, त्यांत नाचणाऱ्याच्या अंगी कोणते गुण हवेत याचीही चर्चा आहे.

मग येतात त्वानो आर्बो. हे टोपणनाव. खरं नाव जेआं ताबुरो, लांग्र शहरातले धर्मगुरू. सत्तरीला टेकलेल्या या गृहस्थांनी १५८९ मध्ये 'ऑर्केसोग्राफी' छापली, तीही गुरू आणि काप्रिओल नावाचा तरुण वकील यांच्या संवादाच्या रूपात. त्यांनी सुरावट पानावर उभी लावली आणि प्रत्येक स्वराशेजारी त्या वेळचं पाऊल लिहिलं. त्यामुळे कोणतं पाऊल कोणत्या ठोक्यावर हे थेट वाचता येतं. नवशिक्यांचा हा सगळ्यांत चांगला मित्र. नाच कशासाठी, तर लग्न ठरवण्याआधी समोरची व्यक्ती धडधाकट आहे ना आणि तिच्या अंगाला दुर्गंध येत नाही ना हे कळावं म्हणून, असंही हे धर्मगुरू बिनदिक्कत सांगतात.

जॉन प्लेफर्डने लंडनमध्ये १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' छापलं. १०५ नाच, प्रत्येकाची सुरावट आणि खाली आकृत्यांचं त्रोटक वर्णन. पुस्तक इतकं खपलं की त्याच्या आवृत्त्या १७२८ च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. पण पावलांबद्दल त्यात जवळजवळ काहीच नाही. दुहेरी म्हणजे चार पावलं पुढे किंवा मागे आणि पाय जुळवणं, एकेरी म्हणजे दोन, एवढ्यावर काम भागवलं आहे.

याच्या उलट टोक म्हणजे फ्रान्स. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची शाही अकादमी स्थापली, आणि १७०० साली राउल-ओजे फोये यांनी नाच लिहून काढण्याची एक लिपी प्रसिद्ध केली. ही लिपी लुईचे नृत्यशिक्षक बोशां यांनी घडवली होती असं मानतात. पानावर नाचणाऱ्याचा मार्ग रेषेने काढलेला, त्या रेषेवर प्रत्येक पावलाची खूण आणि संगीताचा प्रत्येक खंड दाखवणारी छोटी आडवी रेघ. या लिपीत लिहिलेले तीनशेहून अधिक नाच टिकले आहेत. पण हात कसे हलवायचे हे तिच्यात क्वचितच सापडतं. त्यासाठी पियर रामो यांच्या १७२५ च्या पुस्तकाकडे जावं लागतं.

मग वर्गात शिकवतात ते अस्सल असतं का?

काही भाग पुराव्यावर उभा असतो, काही शिक्षकाच्या अंदाजावर. चांगला शिक्षक दोन्हीतला फरक सांगतो. 'हे पुस्तकात आहे' आणि 'हे आम्ही असं करतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांची सरमिसळ करणाऱ्याकडे थोडं सावधपणे शिका.

याचं उत्तम उदाहरण 'सायडिंग'. प्लेफर्डमध्ये ही आकृती नुसत्या नावाने येते. सेसिल शार्प यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाच पुन्हा उभे केले, १९११ मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटी काढली, आणि सायडिंगचा अर्थ असा लावला की जोडीदार वळण घेत एकमेकांची जागा घेतात आणि परततात. पुढे पॅट शॉ यांनी वेगळा अर्थ मांडला. त्यांच्या मते दोघं पुढे येऊन खांद्याला खांदा लावतात आणि आपापल्या जागी मागे जातात. अभ्यासकांचा कल दुसऱ्या अर्थाकडे जास्त आहे. तरीही आज दोन्ही प्रकार नाचले जातात, कारण शार्पच्या आवृत्तीवर लोकांचं प्रेम जडलं आहे. मला त्यात काही वावगं वाटत नाही, फक्त कोणती आवृत्ती चालू आहे हे नाच सुरू होण्याआधी कळायला हवं. नाहीतर खांदे आपटतात.

जेन ऑस्टेनच्या गोष्टींत पडद्यावर दिसतात तेच नाच त्या काळात होते का?

नेहमी नाही. तिच्या कादंबऱ्यांच्या पडद्यावरच्या रूपांतरांत गाजलेला 'मिस्टर बेव्हरिज्‌स मॅगट' हा नाच १६९५ मध्ये छापला गेला. ऑस्टेनचा जन्म १७७५ चा. म्हणजे तिच्या नायिकांसाठी तो आजीच्याही आधीच्या काळातला होता. शिवाय पडद्यावर तो ज्या शांत, तरंगत्या चालीत दिसतो ती शैली विसाव्या शतकातली. १८०० च्या आसपास कंट्री डान्समध्ये उड्या आणि चपळ पावलं भरपूर असत, आणि घामही.

आणखी एक फरक. आज संगीत सुरू झालं की रांगेतल्या सगळ्या जोड्या एकदम नाचू लागतात. तेव्हा फक्त पहिली जोडी सुरू करायची आणि ती खाली सरकत जाईल तसतसे बाकीचे सामील व्हायचे. लांब रांगेत तळाशी उभ्या असलेल्यांना गप्पा मारायला भरपूर वेळ मिळे. कादंबऱ्यांतले ते लांबलचक संवाद नाचता नाचता कसे होतात, हे कोडं इथे सुटतं.

पहिल्या वर्गात काय होतं?

आधी नमस्कार शिकवतात, मग चालणं. त्यानंतर एखादा सोपा गोलातला नाच. पुढे दोन समोरासमोरच्या रांगा करून एक कंट्री डान्स. हाक देणारा, म्हणजे कॉलर, आधी संगीताशिवाय आकृत्या चालवून घेतो आणि मग संगीत सुरू झाल्यावर प्रत्येक आकृतीच्या थोडं आधी तिचं नाव पुकारतो. पाठ करून जायची गरज नसते. घोकून आलेला माणूस उलट अडतो, कारण तो हाक ऐकत नाही.

रांगेत मी हरवतो. वर जायचं की खाली, हेच कळत नाही.

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. लांब रांगेच्या नाचात जोड्यांना एक आणि दोन असे क्रमांक असतात. आकृत्यांचा एक फेरा संपला की पहिल्या क्रमांकाची जोडी एक जागा खाली, म्हणजे संगीतापासून दूर सरकते आणि दुसऱ्या क्रमांकाची जोडी एक जागा वर. पुढचा फेरा नव्या शेजाऱ्यांबरोबर. टोकाला पोहोचलात की एक फेरा थांबायचं आणि क्रमांक बदलून उलट दिशेने निघायचं.

तीन गोष्टी धरून ठेवा. माझा क्रमांक कोणता, माझी दिशा कोणती, जोडीदार कुठे आहे. बाकी सगळं विसरलं तरी शेजारी हात धरून ओढून नेतात. चुकलात तर मागचं दुरुस्त करायला जाऊ नका, पुढच्या आकृतीच्या जागी जाऊन उभे राहा. संगीत थांबत नाही.

मिन्युएट एवढं संथ दिसतं, मग अवघड का म्हणतात?

कारण पाय आणि कान यांची तिथे फारकत होते. संगीत तीन-तीन मात्रांचं, पण मिन्युएटचं एक पाऊल दोन खंडांवर, म्हणजे सहा मात्रांवर पसरतं, आणि त्या सहा मात्रांत चार वेळा वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. त्यात गुडघ्यांचं वाकणं आणि टाचा उचलणं. हे सगळं सहज दिसायला हवं. त्यावर जमिनीवर इंग्रजी झेड अक्षराचा मार्ग आखत जोडीदाराजवळून जायचं, मग उजवा हात, मग डावा, शेवटी दोन्ही. मूळ काळात बॉलमध्ये एका वेळी एकच जोडी हे करायची आणि बाकी सगळे टक लावून बघायचे. आज ती शिक्षा कोणी देत नाही.

खास पोशाख शिवावा लागतो का?

वर्गाला नाही. मोकळे, पायात न अडकणारे कपडे पुरेत. बॉलला काही ठिकाणी त्या काळचा पोशाख अपेक्षित असतो, काही ठिकाणी नुसता नीटनेटका. आमंत्रणात तसं लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. पोशाखाचा उपयोग मात्र खरा आहे. लांब घेरदार झग्यात पावलं आपोआप लहान होतात, घट्ट कोटात हात फार वर जात नाहीत, आणि पुस्तकात विचित्र वाटलेली एखादी सूचना एकदम कळते. तरी पहिल्याच महिन्यात शिवणकामात बुडू नका. आधी नाच आवडतोय का ते बघा.

बुटांवर मात्र लक्ष द्या. रबरी तळ जमिनीला चिकटतो, पाऊल वळतं पण बूट वळत नाही, आणि गुडघ्याला पीळ बसतो. पातळ, गुळगुळीत, शक्यतो चामड्याचा तळ असलेले पायात घट्ट बसणारे बूट हवेत.

स्त्रीने पुरुषाची बाजू घेतली तर चालतं का?

अनेक गटांत ते नेहमीचं आहे. जुन्या मांडणीत स्त्री पुरुषाच्या उजव्या हाताला उभी राहते, एवढाच बहुतेक आकृत्यांपुरता फरक असतो. काही गट तर आता 'स्त्रिया' आणि 'पुरुष' असं न पुकारता डावी बाजू आणि उजवी बाजू अशाच हाका देतात. दोन्ही बाजू शिकून घ्या. नाच लवकर समजतो आणि कोणाहीबरोबर उभं राहता येतं.

कोणी नाचायला विचारलं आणि मला नको असेल तर?

'नाही, धन्यवाद' म्हणायचं. कारण देण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात एकाला नकार देऊन लगेच दुसऱ्याबरोबर नाचणं असभ्य मानत. तो नियम त्या काळाबरोबर गेला, आणि जायलाच हवा होता. एखादी पकड किंवा उचलणं नको वाटत असेल तर तेही आधी सांगा. व्होल्टा या सोळाव्या शतकातल्या नाचात पुरुष स्त्रीला उचलून फिरवतो. तरुणीने तो करावा का, याबद्दल खुद्द आर्बोच साशंक होते.

व्यायाम किती होतो? गुडघे दुखत असतील तर?

नाचावर अवलंबून आहे. पावान म्हणजे मिरवणुकीतलं चालणं. गॅलियार्डमध्ये सहा ठोक्यांत चार वेळा पाय पुढे झटकायचा, पाचव्यावर उडी, सहाव्यावर जमिनीवर उतरून स्थिर. तीनचार फेऱ्यांत पोटऱ्या बोलू लागतात. १७९८ च्या एका पत्रात जेन ऑस्टेनने सांगितलं आहे की त्या रात्री वीस नाच झाले, ती सगळे नाचली आणि दमली नाही. तेवढा दम यायला वेळ लागतो.

गुडघे किंवा घोटे दुखत असतील तर उड्यांच्या जागी चाला. आकृती तीच राहते, इतरांचं काही बिघडत नाही. जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकाला आधी कल्पना द्या. नाचण्याआधी पोटऱ्या आणि घोटे मोकळे करून घ्या.

वॉल्ट्झमध्ये गरगरतं. उपाय?

भिंतींकडे बघू नका, जोडीदाराच्या चेहऱ्याकडे किंवा खांद्याकडे बघा. थांबल्यावर लगेच हात सोडू नका. सुरुवातीला एका दमात थोड्याच गिरक्या घ्या. १८१६ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने वॉल्ट्झवर असभ्य म्हणून तोंडसुख घेतलं होतं. आक्षेप जवळच्या पकडीला होता, गरगरण्याला नाही. पण ती जवळची पकडच दोघांना तोल देते, म्हणून संकोचाने लांब राहिलात तर जास्त गरगरतं.

घरी सराव कसा करावा?

संगीत ऐका. पावलांच्या सरावापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. बऱ्याच कंट्री डान्सच्या सुरावटीत आठ-आठ खंडांचे भाग असतात. भाग कुठे संपतो हे कानाला कळू लागलं की आकृती कुठे संपायला हवी हे पायांना सांगावं लागत नाही. मूळ पुस्तकं वाचायची असतील तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२० पर्यंतची दोनशेहून अधिक नृत्यपुस्तकं स्कॅन करून मोफत खुली ठेवली आहेत.

जवळ गटच नाही. आम्हीच सुरू करू शकतो का?

करू शकता. आठ माणसं, एक मोकळी खोली आणि स्पीकर. आठ अशासाठी की क्वाड्रिलचा चौकोनही होतो आणि चार जोड्यांची रांगही. खोलीची फरशी निसरडी नको आणि फार खरखरीतही नको.

हाक देण्याचं काम एकाने घ्यावं आणि त्याने सुरुवातीला स्वतः नाचू नये. रांगेबाहेरून गोंधळ कुठे होतोय ते दिसतं. पहिल्या बैठकीला दोन ब्रान्ल आणि एक सोपा कंट्री डान्स पुरे, पुढच्या वेळी तेच तीन पुन्हा आणि एक नवा. सगळ्यांना येतात असे पाच-सहा नाच झाल्याशिवाय अवघड नाच आणू नका. हौशी माणूस तिसऱ्याच आठवड्यात मिन्युएट काढतो, आणि चौथ्या आठवड्याला निम्मे लोक येत नाहीत.